अवघड गणितं कुणाच्या बापाची?



या खेपेचं संपादकीय मेकॅनिक्सच्या गणितांवर आहे. होय, तीच. उतरणीवरनं घसरणारा ठोकळा, कप्पीवर लटकलेली दोन वजनं, भिंतीला टेकलेली शिडी. कवितांच्या आणि जाहीरनाम्यांच्या अंकात हा ठोकळा कुठनं घसरत आला असं ज्याला वाटेल त्याने खुशाल पान उलटावं. पण घरात, चाळीत, गल्लीत कुणी अकरावी-बारावीला सायन्स घेऊन बसलेलं असेल तर उलटू नये. कारण त्या पोराला नाहीतर पोरीला आज ना उद्या कुणीतरी तीन शब्द ऐकवणार आहे, नाहीतर आधीच ऐकवलेत: तुला एवढं पुरे.

हे तीन शब्द शिवीसारखे येत नाहीत. फार प्रेमाने येतात. क्लासचे सर म्हणतात, ‘अरे, बोर्डाला एवढं येत नाय, ऑप्शनला टाक.’ शेजारचे काका म्हणतात, ‘पास हो, कुठंतरी चिकट, कशाला डोक्याला ताप.’ बापसुद्धा म्हणतो. दिवसभर राबून आलेला बाप पोराला अर्ध्या रात्री एका गणितावर डोकं धरून बसलेलं बघतो आणि त्याचा जीव तुटतो. त्याला आम्ही काय बोलणार? पण ज्याच्या टेबलावर दुसरा दिवा आहे, ज्याच्या मागं शिकलेला आजोबा आहे, त्याला कुणी म्हणत नाही, तुला एवढं पुरे. त्याला म्हणतात, अजून एक सोडव. सगळा फरक इथनं सुरू होतो. मार्कांचा फरक फार पुढे पडतो.

एवढं म्हणजे केवढं ते बघा. ‘१० किलोच्या वस्तूवर ५० न्यूटन बल लावलं तर त्वरण किती?’ पन्नास भागिले दहा, पाच. झालं. हा तिसरीचा भागाकार आहे, वर न्यूटनचं नाव डकवलेलं. सूत्र दिलं, दोन आकडे दिले, तिसरा काढा. असली शंभर गणितं घासली तरी पोराला बल म्हणजे काय ते कळत नाही. कळलंय असं वाटतं तेवढं.

ह्यावर अमेरिकेत काम झालेलं आहे. १९९२ साली हेस्टेनेस, वेल्स आणि स्वॅकहॅमर या तिघांनी एक प्रश्नपत्रिका छापली, फोर्स कन्सेप्ट इन्व्हेंटरी तिचं नाव. तिच्यात एकही आकडेमोड नाही. साधे प्रश्न. ज्यांना पुस्तकातली गणितं धडाधड येतात असे विद्यार्थी या साध्या प्रश्नांवर गडगडले. त्याच जातीचा एक प्रश्न तुम्ही आजच्या आज कट्ट्यावर टाका. दगड सरळ वर फेकला. हातातनं सुटला, अजून वर चाललाय. हवेचा अडथळा सोडून द्या. आता त्याच्यावर कुठकुठली बलं आहेत? दहातले सात-आठ सांगतील, वर नेणारं एक बल आणि खाली ओढणारं गुरुत्व, वरचं मोठं म्हणून दगड वर चाललाय. चूक. हात सुटला, बल सुटलं. वर जाताना, टोकाला क्षणभर थांबताना आणि खाली येताना दगडावर एकच बल आहे, गुरुत्वाचं. दगड वर चाललाय तो वेग आहे म्हणून. वेग वेगळा आणि बल वेगळं. एवढी गोष्ट डोक्यात उतरायला माणसाला दोन हजार वर्षं लागली, तेव्हा ती आपल्या पोराच्या डोक्यात एका तासिकेत उतरली नाही म्हणून त्याला ढ म्हणू नका. पण उतरवायला लावणारं गणित त्याच्यापुढे टाका तरी!

आता म्हणाल, मोठ्या क्लासात टाकतात की. लाखावर फी घेतात, वजन करावं एवढी मॉड्यूलं देतात. त्याबद्दलही बोलून घेऊ. जेईई मेनला आज ३ तासांत ७५ प्रश्न असतात. एकेका प्रश्नाला अडीच मिनिटंसुद्धा येत नाहीत. म्हणून क्लासात शिकवतात ते ओळखणं. हा सतरा नंबरचा प्रकार, ही त्याची युक्ती, खटका दाब, पुढे चल. त्याउलट आंतरराष्ट्रीय फिजिक्स ऑलिंपियाडच्या लेखी पेपरात ५ तासांत ३ प्रश्न असतात. एकेका प्रश्नाला शंभर मिनिटं! तिथं युक्ती चालत नाही, बसावं लागतं. आम्ही ऑलिंपियाडची आरती ओवाळत नाही, तिथंही कोण पोचतं ते आम्हाला दिसतं. सांगायचं एवढंच की क्लासवाला ज्याला अवघड म्हणून विकतो त्यातलं पुष्कळसं नुसतं लांबलचक असतं. फी भरता आली नाही म्हणून आपलं जग बुडालं असं समजून रडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. जे खरोखर अवघड आहे, ज्यावर माणूस घडतो, ते विकत मिळत नाही आणि बरंचसं आता फुकट पडलेलं आहे.

अवघड म्हणजे काय, ते एका पोत्यावर दाखवतो.

फरशीवर ५० किलोचं पोतं आहे. पोतं आणि फरशी यांच्यातला घर्षणगुणांक ०.७५ धरा, गुरुत्वत्वरण १० धरा. म्हणजे पोत्याचं वजन ५०० न्यूटन. दोरी बांधून सरळ आडवं ओढलं तर किती जोर लागेल? ०.७५ गुणिले ५००, ३७५ न्यूटन. इथपर्यंत बोर्ड. इथंच ‘तुला एवढं पुरे’ येतं. आता पुढचं विचारा: सगळ्यात कमी जोरात पोतं हलवायचं तर दोरी कुठल्या कोनात धरायची?

बघा, एका दमात प्रश्नाची जात बदलली. आता सूत्र हातात नाही, विचार करावा लागतो. दोरी थोडी वर धरली की ओढीचा काही भाग पोत्याला उचलतो. फरशीवरचा दाब कमी, दाब कमी म्हणून घर्षण कमी. पण फार वर धरली तर पुढं नेणारा भागच कमी पडतो. मग मधे कुठंतरी बरोब्बर जागा असणार. ती जागा काढली तर कोन येतो ३७ अंश, ज्याचा टॅन नेमका ०.७५ आहे. आणि जोर लागतो ३०० न्यूटन. ताळा करून बघा: ३०० मधले २४० आडवे, १८० उभे. फरशीवरचा दाब ५०० मधनं १८० वजा, ३२०. घर्षण ३२० च्या पाऊणपट, २४०. जुळलं!

इथं थांबू नका. आता मागनं ढकला, तेही त्याच ३७ अंशात, पण खाली रेटून, जसा वाकून रेटतो तसा. ढकलणाऱ्याचा जोर पोत्याला फरशीत दाबतो, घर्षण वाढतं, म्हणून आणखी जोर, म्हणून आणखी दाब. हिशेब केला तर जोर येतो जवळजवळ १०७१ न्यूटन. तेच पोतं, तीच फरशी, तोच कोन, आणि ओढण्याच्या साडेतीनपट! आता कोन आणखी उभा करत न्या. ५३ अंशावर काय होतं? सूत्राच्या छेदात शून्य येतं. म्हणजे त्या कोनात आणि त्याच्यापुढे पोतं हलणारच नाही, कितीही जोर लावा. क्रेन आणा, पोतं फाटेल, हलणार नाही. जितकं रेटाल तितकं ते जागीच रुतणार. ट्रकखाली लावलेल्या स्क्रूजॅकचं हँडल सोडलं तरी ट्रक खाली का येत नाही, ठोकलेली पाचर आपणहून मागे का सरकत नाही, हे त्याच कुळातलं उत्तर आहे.

मस्जिद बंदरच्या हमालाला ही गोष्ट ठाऊक आहे. तो पोतं मागनं वाकून रेटत बसत नाही, कान धरून जरासं उचलत ओढतो. त्याने ३७ अंश मोजलेले नाहीत, त्याच्या कमरेने मोजलेले आहेत. त्याच्या पोराने कागदावर ते मांडलं तर बाप कुठल्या कॉलेजात शिकला होता ते त्याला कळेल. सूत्रात आकडे टाकणाऱ्या शंभर गणितांनी जे होत नाही ते या एका पोत्याने होतं.

आणि असली गणितं कागदावरच हवीत असंही नाही. गल्लीतली एक साधी काळी सायकल घ्या. एकाने सीटला नुसतं सांभाळून धरावं, पडू नये एवढंच. एक पेडल बरोब्बर खाली आणा. त्या खालच्या पेडलला दोरी बांधून मागे ओढा. सायकल पुढे जाईल का मागे? चहाची पैज लावा. बहुतेक म्हणतील पुढे, कारण पायाने आपण खालचं पेडल मागेच रेटतो आणि सायकल पुढे जाते. ओढून बघा, सायकल मागे येते! का? सायकल एक हात पुढे जाते तेव्हा खालचं पेडल सायकलच्या मानाने जेमतेम पाव हात मागे सरकतं. म्हणजे जमिनीच्या मानाने ते पाऊण हात पुढेच गेलं. सायकल आणि ते पेडल, दोघं जमिनीवर एकाच दिशेने जातात. मग मागे ओढून ते पुढे कसं जाणार? सायकलवर बसलेला माणूस पेडल मागे रेटतो तेव्हा तो स्वतः सायकलवर असतो. दोरी ओढणारा जमिनीवर उभा आहे. बल आतनं लागतंय की बाहेरनं, एवढा एकच मुद्दा. पण तो कळला की मेकॅनिक्सचं अर्धं पुस्तक सरळ होतं.

लोकलमध्येही प्रयोगशाळा आहे, पास काढलेलाच आहे तर वापरा. दोऱ्याला एक नट बांधून धरा. गाडी सुटली की नट मागे कलतो. कोन मोजा. ६ अंश कलला तर गाडीचं त्वरण साधारण १ मीटर प्रति सेकंद वर्ग. वीस रुपड्यांच्या कोनमापकावर तुम्ही मोटरमनच्या हाताचा हिशेब केलात. मग त्याच डब्यात बंद खिडक्यांजवळ गॅसचा फुगा धरला तर तो कुठं कलेल ते सांगा. नटाच्या उलट, पुढे. का, ते आम्ही सांगत नाही.

आता पुस्तकांकडे येऊ, कारण पत्रं येतात ती एवढीच: ‘कुठलं पुस्तक घेऊ?’

पहिलं म्हणजे इरोदोवचा बाऊ बंद करा. आय. ई. इरोदोवचं ‘प्रॉब्लेम्स इन जनरल फिजिक्स’, मॉस्कोच्या मीर प्रकाशनाने १९८१ साली इंग्रजीत काढलेलं. सुमारे १९०० गणितं. ग्रंथ थोर आहे. पण तो रशियातल्या कॉलेजांच्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलेला होता, शाळेतल्या पोरांसाठी नाही. त्यात पहिल्या पानापासनं कॅलक्युलस हाताशी आहे असं धरलेलं आहे. आपल्याकडे मात्र अकरावीच्या जूनमध्ये हातात इरोदोव घेऊन फिरायची फॅशन आहे. चार गणितं अडली की पोरगं समजतं आपल्यात दम नाही. दम आहे रे, पायरी चुकली. इरोदोव बारावीच्या सुट्टीत घे, तेही निवडून.

सुरुवात हरिश्चंद्र वर्मांपासनं करा. पाटण्याच्या सायन्स कॉलेजात शिकवलेला माणूस. ‘कन्सेप्ट्स ऑफ फिजिक्स’चे दोन भाग १९९२ साली आले, मेकॅनिक्स पहिल्या भागात. हजारो पोरं हे पुस्तक चुकीच्या टोकाने वाचतात, थेट मागच्या आकडेमोडीवर उडी मारतात. धड्यामागे आधी जे छोटे तोंडी प्रश्न आहेत, ज्यांची उत्तरं मागे छापलेली नाहीत, ते आधी करा. आणि भांडून करा, चौघांत बसून. त्या प्रश्नांवर भांडण झालं नाही तर समजा तुम्ही ते वाचलेच नाहीत. माटुंग्याच्या किंग्ज सर्कलला, पुण्यात अप्पा बळवंत चौकात जुनी प्रत मिळते. कोपरे गेलेले, पेनाने उत्तरं खरडलेली. ती उत्तरं खोडून टाका.

मग क्रोतोव. मीरच्याच ‘सायन्स फॉर एव्हरीवन’ मालेत आलेलं छोटं पुस्तक, ‘ॲप्टिट्यूड टेस्ट प्रॉब्लेम्स इन फिजिक्स’. गणितं थोडी, पण एकेक दोन दिवस पुरणारं. आकडे जवळजवळ नाहीतच. शाळेच्याच सिद्धांतांवर उभी असलेली गणितं इतकी अवघड असू शकतात हे बघून चक्कर येते. आमच्या मते शाळकरी पोरासाठी यापेक्षा चांगला दगड नाही, डोकं घासायला.

रशियनांचं एवढं कौतुक का, असं कुणी विचारील. सरळ कारण आहे. १९७० च्या जानेवारीत तिथं ‘क्वांत’ नावाचं मासिक निघालं, शाळेतल्या पोरांसाठी, फिजिक्स आणि गणिताचं. काढणारे कोण? किकोइन आणि कोल्मोगोरोव. कोल्मोगोरोव म्हणजे विसाव्या शतकातल्या सगळ्यात मोठ्या गणितज्ञांपैकी एक. तो माणूस शाळकरी पोरांसाठी मासिक काढत होता! आपल्याकडचे मोठे लोक सत्कार घेत फिरतात. त्याच्याही कितीतरी आधी, १९१३ साली, याकोव पेरेलमानने ‘मनोरंजक भौतिकशास्त्र’ लिहिलं होतं. हा पेरेलमान १९४२ साली लेनिनग्राडच्या वेढ्यात उपासमारीने मेला. त्याचं पुस्तक आजही चालतंय. सोविएत रशिया १९९१ साली संपला, मीरची स्वस्त पुस्तकं फूटपाथवरनं हळूहळू गेली. पण त्यांच्या स्कॅन केलेल्या प्रती आता मोबाइलवर येतात. रील बघायच्या त्याच काचेवर.

आणखी दोन नावं. एस्टोनियाचा यान काल्दा. त्याने ऑलिंपियाडच्या पोरांसाठी मेकॅनिक्सची टिपणं लिहिली आणि फुकट सोडून दिली. त्याची रीत आम्हाला फार पटली: आधी एक कल्पना दोन ओळींत, लगेच तिच्यावर गणित. मग दुसरी कल्पना. तासभर भाषण नाही. दुसरा हार्वर्डचा डेव्हिड मोरिन. त्याचं २००८ चं पुस्तक महाग आहे, जाडही आहे, मधेमधे तो विनोदी कविता लिहितो (आमच्या कवींनी त्या वाचू नयेत). पण त्याचा पहिला धडा प्रत्येकाने वाचावा. तो सांगतो, उत्तर आलं की लगेच खाली रेघ मारू नका. उत्तराला टोकाला नेऊन बघा. कप्पीवर दोन वजनं आहेत, त्वरण आलं वजनांचा फरक भागिले वजनांची बेरीज गुणिले गुरुत्व. मग दोन्ही वजनं सारखी करा: त्वरण शून्य आलं पाहिजे. येतं. एक वजन काढून टाका: दुसरं मोकळं पडलं पाहिजे. पडतं. मागच्या पानावर उत्तर न बघता आपलं उत्तर खोटं आहे का ते आपल्याला पकडता येतं! ज्याला हे जमलं त्याला क्लासच्या सरांची, गाइडची, कुणाचीच परवानगी लागत नाही. ‘सर, बरोबर आहे का?’ हे विचारायची सवय मोडते. आम्हाला ही सवय फक्त फिजिक्समध्येच मोडायला हवी असं नाही, पण तो विषय वेगळा.

आता मानखुर्द. तिथं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं, १९७४ साली सुरू झालेलं. देशातल्या फिजिक्स ऑलिंपियाडचं काम तिथनं चालतं. पहिली पायरी फिजिक्स शिक्षकांच्या संघटनेची परीक्षा, पुढच्या पायऱ्या केंद्राच्या. भारताचा संघ १९९८ पासनं जातो. २०१५ साली तर जगभरची पोरं मुंबईत आली होती, यजमान हेच केंद्र. आजवरचे पेपर, उत्तरांसकट, केंद्राच्या वेबसाइटवर फुकट आहेत. कुणीही उतरवून घ्यावेत. आता मानखुर्द-गोवंडीच्या गल्लीत जा आणि बारावी सायन्सच्या पोराला विचारा, तुझ्या घरापासनं चालत जाता येईल अशा ठिकाणी हे आहे, ठाऊक आहे का? भिंत दिसते त्याला. आत काय आहे ते कुणी सांगितलेलं नाही. हा दोष आम्ही त्या पोराच्या माथ्यावर मारू देणार नाही.

केंद्राबद्दल एक जुनी गोष्ट मुद्दाम सांगायची, कारण ती आमच्याच लोकांना ठाऊक नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या वि. गो. कुलकर्णी आणि सु. चं. आगरकर यांनी मुंबई महापालिकेच्या शाळांमधल्या अनुसूचित जातींच्या मुलामुलींबरोबर काही वर्षं काम केलं आणि १९८५ साली त्याचा अहवाल छापला. पोरांच्या डोक्यात खोट नव्हती. भाषेचा अडथळा आणि शिकवण्याची रीत, खोट तिथं होती. ती काढली की पोरं वर आली. चाळीस वर्षं झाली. तरी आजही ‘यांना झेपत नाही’ म्हणणारे शिक्षक भेटतात. त्यांना तो अहवाल वाचायला द्यावा. वाचणार नाहीत, पण द्यावा.

भाषेचा अडथळा अजून तिथंच आहे. दहावीपर्यंत पोरगं मराठीत शिकतं: संवेग, जडत्व, त्वरण, गतिज ऊर्जा. अकरावीला एका रात्रीत मोमेंटम, इनर्शिया, ॲक्सिलरेशन. ठोकळा तोच, पण पोराला वाटतं दुसऱ्याच देशातला. २०२१ पासनं जेईई मेनचा पेपर मराठीतही मिळतो, पण मराठीत अवघड गणितांचं पुस्तक कुठंय? पेपर मराठीत आणि तयारी इंग्रजीत. अन्न एका गावात, ताट दुसऱ्या गावात! यावर रडगाणं गात बसायचं नसेल तर एकच काम आहे. ज्यांना दोन्ही भाषा येतात, जे इंजिनिअरिंगला, बीएस्सीला पोचले, त्यांनी महिन्याला पाच गणितं मराठीत लिहून काढावीत. भाषांतर नको. नवी बनवा. क्रिकेटचा चेंडू, धरणाचा दरवाजा, गोविंदांचा थर, घाटातली एसटी. दहीहंडीत खालच्या थरातल्या माणसाच्या खांद्यावर किती वजन येतं, आणि वरचा पोरगा उडी मारायला वाकला त्या क्षणी ते कमी होतं की वाढतं, हे कुठल्या गाइडात आहे?

वस्तीत अभ्यासिका आहे, विहारात दोन खोल्या रात्री रिकाम्या असतात. आठवड्यातनं एक रात्र. फळ्यावर एकच गणित. पहिला अर्धा तास कुणी बोलायचं नाही. मग ज्याला जे सुचलं ते त्याने फळ्यावर मांडायचं, अर्धवट असलं तरी. उत्तर मोबाइलवर बघणाऱ्याने सगळ्यांना चहा पाजायचा. पोरींना मागच्या ओळीत बसवायचं नाही, आणि ‘दादा समजावून सांगेल’ हा प्रकार चालणार नाही. खडू तिच्या हातात द्यायचा. एखादं गणित तीन आठवडे सुटलं नाही तर तीन आठवडे फळ्यावर राहू द्या. पुसायची घाई नको. आपल्या लोकांना न सुटलेल्या गोष्टीबरोबर राहायची सवय आहे, इथं ती उपयोगाची आहे.

आता सुरुवातीला तीन घ्या. उत्तरं आम्ही छापणार नाही. तुम्ही आकृतीसकट, कच्च्या कामासकट लिहून पाठवा. चुकलेलीसुद्धा छापू, का चुकलं त्यासकट.

एक. रंगारी गुळगुळीत भिंतीला शिडी लावतो, जमिनीशी ६० अंशात. जमिनीशी घर्षणगुणांक ०.४. शिडीचं वजन सोडून द्या. शिडी सरकायच्या आत तो शिडीच्या किती भागापर्यंत चढू शकेल? जाड रंगाऱ्याऐवजी बारीक रंगारी चढवला तर फरक पडेल का? आणि शिडीला वजन आहे असं धरलं तर रंगाऱ्याचं बरं होईल की वाईट?

दोन. लोकलच्या डब्यातला फुगा, वर सांगितलेला. ‘कारण तो हलका असतो’ एवढं लिहून पाठवणाऱ्याचं पत्र परत येईल. डब्यातली हवा काय करते ते लिहा.

तीन. किराणावाल्याच्या काट्यावर एक लोखंडी साखळी हातात उभी धरा, तिचं खालचं टोक काट्याला टेकलेलं. हात सोडा. साखळी पडते आहे आणि शेवटची कडी आता टेकणार, त्या क्षणी काटा साखळीच्या वजनाच्या कितीपट दाखवेल? एकपट नाही. दोनपटही नाही. किराणावाल्याला आधी विचारा, तो काय म्हणतो तेही लिहा.